क गटातला महाराष्ट्र

धुळ्याच्या चौफुलीवर दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. सुरतेहून नागपूरला जाणारा एक, मुंबईहून आग्र्याला जाणारा दुसरा. क्रिकेटच्या नकाशावरही ही चौफुली गमतीची आहे. पूर्वेला जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगर ओलांडून मलकापूर गाठलं की रणजी करंडकातला संघ बदलतो, कारण बुलढाणा जिल्हा विदर्भाच्या संघात मोडतो. पश्चिमेला नवापूर सोडलं की गुजरात. उत्तरेला शिरपूर, पळासनेर करत सेंधव्याला पोचलं की मध्य प्रदेश. आणि दक्षिणेला मुंबई, जिचा संघ राज्याचा नसून शहराचा आहे. मधल्या पट्ट्यात, म्हणजे जळगाव, धुळे आणि १९९८ साली धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाचा संघ महाराष्ट्राचा. पुण्यातून चालणारा, पण पुणे, नाशिक, नगर, सोलापूर, कोल्हापूर, मराठवाडा आणि खान्देश एवढ्या सगळ्यांचा.

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण, आमच्याकडच्या फार थोड्या लोकांना ते ठाऊक असतं. खान्देशातला माणूस पिढ्यान्‌पिढ्या मुंबईसाठी ओरडत आला. आकाशवाणीवर ऐकू यायची ती मुंबई, वर्तमानपत्रात छापून यायची ती मुंबई, गावसकर आणि तेंडुलकरांची मुंबई. तिच्या विजेतेपदांवर आपणही हक्क सांगायचा. आपल्या शाळेतला एखादा मुलगा खरोखर चांगला खेळू लागला, तर त्याची वाट वानखेडेकडे जात नाही, जिल्ह्याच्या संघातून आंतरजिल्हा स्पर्धेत आणि तिथून पुण्याला जाते, याचा विचार कोणी करत नव्हतं.

आपल्या शेजाऱ्यांकडे पाहिलं तर मन आणखी खट्टू होतं. गुजरातने २०१६-१७ मध्ये पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ असा सलग दोनदा, आणि पुन्हा २०२४-२५ मध्ये. मध्य प्रदेशने २०२१-२२ मध्ये. चौफुलीच्या तिन्ही वाटांवर गुलाल उधळला गेला. महाराष्ट्राच्या नावापुढचं शेवटचं साल मात्र १९४०-४१ हेच आहे. या सगळ्यांच्या आधी, २०१३-१४ च्या मोसमात, महाराष्ट्र त्या करंडकाच्या अगदी जवळ जाऊन आला होता, आणि तोही सर्वांत खालच्या गटातून. त्या मोसमाची ही गोष्ट.

पण आधी थोडं मागे जायला हवं. खालच्या गटात गेलेला हा संघ एके काळी देशातला सर्वांत बलाढ्य संघ होता, हे कळल्याशिवाय त्या पडझडीची आणि त्या उठण्याची किंमत कळत नाही.

दिनकर बळवंत देवधर पुण्यात संस्कृतचे प्राध्यापक होते. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० साली पुण्यातच संयुक्त प्रांताला हरवून रणजी करंडक जिंकला आणि पुढच्या वर्षी मद्रासला हरवून तो राखला. त्या दुसऱ्या मोसमात मुंबईविरुद्ध देवधरांनी २४६ धावा केल्या, तेव्हा त्यांचं वय ४८ होतं. ज्या वयात बहुतेकांना गुडघे आठवायला लागतात, त्या वयात हा माणूस गोलंदाजांना दमवत होता. त्यांच्या संघात विजय हजारे होते, ज्यांनी १९३९-४० मध्ये बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी करंडकातलं ते पहिलं त्रिशतक. चंदू सरवटे होते, रंगा सोहोनी होते.

मग एकेक मोहरा निघून गेला. ही पडझड भांडणातून झाली नाही, पोटापाण्यातून झाली. क्रिकेटवर घर चालेल असा तो काळ नव्हता, आणि संस्थानिक मात्र नोकरी देत होते, मान देत होते. हजारे बडोद्याला गेले. सरवटे इंदूरला होळकरांकडे गेले. १९४८ च्या डिसेंबरात पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा करणारे कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर, त्यांनीही पुढे होळकरांचाच संघ गाठला. निंबाळकरांचा तो डाव आजही मनाला लागून राहतो. ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा विश्वविक्रम मोडायला त्यांना फक्त दहा धावा हव्या होत्या. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या, आणि काठियावाडच्या कर्णधाराने, राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, पुढे खेळायलाच नकार दिला. निंबाळकर एकही कसोटी खेळले नाहीत.

बडोदा आणि होळकर या दोन संघांनी पुढची दहा-पंधरा वर्षं गाजवली, त्यात महाराष्ट्राने घडवलेले हात मोठ्या संख्येने होते. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात हजारे आणि गुल महंमद यांनी होळकरांविरुद्ध ५७७ धावांची भागीदारी केली, ती बडोद्यासाठी. इकडे महाराष्ट्राचा संघ धावा करत राहिला आणि हरत राहिला. १९४९ च्या मार्चमध्ये पुण्यात मुंबईविरुद्धच्या उपांत्य सामन्यात दोन्ही संघांनी मिळून २,३७६ धावा केल्या. महाराष्ट्राने दुसऱ्या डावात ६०४ धावा केल्या आणि तरीही सामना ३५४ धावांनी गमावला. १९७०-७१ ला संघ अंतिम फेरीत पोचला. मुंबईचे मोठे खेळाडू तेव्हा भारताच्या संघात वाडेकरांबरोबर वेस्ट इंडिजमध्ये होते, तरी उरलेल्या मुंबईने हरवलं. १९९२-९३ ला पुन्हा अंतिम फेरी, या वेळी लुधियानात पंजाबकडून हार. त्यानंतर वीस वर्षं काहीच नाही.

२०१२-१३ च्या मोसमापासून रणजी करंडकाची रचना बदलली होती. नऊ-नऊ संघांचे तीन गट. अ आणि ब हे वरचे, क हा खालचा. वरच्या दोन गटांतले पहिले तीन-तीन संघ आणि क गटातले पहिले दोन, असे आठ संघ बाद फेरीत. वरच्या प्रत्येक गटातला तळाचा संघ पुढच्या वर्षी क गटात ढकलला जाणार आणि क गटातले पहिले दोन वर येणार. गुणांचा हिशोब असा, की निर्णायक विजयाला सहा, डावाने किंवा दहा गड्यांनी जिंकलं तर आणखी एक. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला तीन आणि दुसऱ्याला एक.

त्या पहिल्याच मोसमात महाराष्ट्राच्या केदार जाधवने उत्तर प्रदेशविरुद्ध ३२७ धावा केल्या. पुण्याबाहेर गहुंज्याला नवं कोरं मैदान उभं राहिलं होतं, तिथे. एका माणसाने एका डावात तीनशे सत्तावीस धावा कराव्यात आणि मोसम संपताना त्याचा संघ तळाला जाऊन खालच्या गटात ढकलला जावा, हे वाचताना खोटं वाटतं. पण झालं तसंच. धावा होत्या, वीस गडी बाद करण्याची ताकद नव्हती. आणि वर दिलेल्या गुणांच्या हिशोबात नुसत्या धावांना फार किंमत नाही. महाराष्ट्राबरोबर हैदराबादही घसरलं.

म्हणून २०१३ च्या हिवाळ्यात देवधरांचा, हजाऱ्यांचा, निंबाळकरांचा महाराष्ट्र क गटात आसाम, त्रिपुरा, गोवा, केरळ, आंध्र, हिमाचल, हैदराबाद आणि जम्मू-काश्मीर यांच्याबरोबर उभा राहिला. यातल्या कोणत्याही संघाला कमी लेखायचा माझा हेतू नाही. पण निवड समितीचे डोळे क गटाकडे फारसे वळत नसत, सामने टीव्हीवर दिसत नसत, वर्तमानपत्रात दोन ओळी येत. ज्या मुलाला देशासाठी खेळायचं होतं, त्याच्यासाठी हे अंधारात शतक ठोकण्यासारखं होतं.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये मोठ्या लीगच्या खाली छोट्या लीगची उतरंड आहे. छोट्या गावांतले संघ, बसने रात्रभर प्रवास, मोजके प्रेक्षक. तिथला संघ कितीही सामने जिंकला तरी संघ म्हणून वर जात नाही. एखादा खेळाडू वर बोलावला जातो, संघ तिथेच राहतो. आपल्या क गटाला एक दार होतं. दोन संघ तिथून थेट बाद फेरीत, थेट मुंबई-कर्नाटकासमोर जाऊ शकत होते. मला वाटतं, या गोष्टीतला खरा नायक ते दार आहे. ते नसतं तर महाराष्ट्राने क गटात कितीही धावा केल्या असत्या, फार तर पुढच्या वर्षी वर आला असता, आणि कोणाला त्याची आठवणही राहिली नसती.

प्रशिक्षक होते सुरेंद्र भावे, महाराष्ट्राच्या जुन्या काळातले खंबीर सलामीवीर. कर्णधार यष्टिरक्षक रोहित मोटवानी. आणि संघ पाहिला तर तो खरोखर जिल्ह्याजिल्ह्यांतून गोळा झालेला होता. जाधव पुण्यात वाढलेला, पण घराणं सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्याचं. लहानपणी तो टेनिस चेंडूच्या स्पर्धा खेळत असे. आमच्याकडे धुळ्यात गरुड मैदानावर आणि जळगावात सागर पार्कवर अशा स्पर्धांना जी गर्दी होते, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना जाधवचा खेळ पाहताना घरचं काहीतरी दिसत असे. तो बुटका, खाली वाकून चेंडू मारणारा, पुस्तकात नसलेले फटके काढणारा.

अंकित बावणे पैठणचा. वयाच्या पंधराव्या वर्षी रणजी खेळला. २०१२ साली त्याला भारताच्या एकोणीस वर्षांखालील संघाचं कर्णधारपद मिळालं आणि पारपत्रावरची जन्मतारीख नोंदीशी जुळली नाही म्हणून ते काढूनही घेतलं गेलं. विजय झोल जालन्याचा. एकोणीस वर्षांखालच्या स्पर्धेत आसामविरुद्ध त्याने एका डावात नाबाद ४५१ धावा केल्या होत्या. या मोसमात त्रिपुराविरुद्ध रणजी पदार्पणातच त्याने द्विशतक ठोकलं. वेगवान गोलंदाज अनुपम संकलेचा नगरचा, वयाच्या तिशीत पोचलेला. त्याच्या जोडीला डावखुरा समद फल्लाह आणि श्रीकांत मुंढे. सलामीला हर्षद खडीवाले, ज्याने त्या मोसमात हजार धावांचा टप्पा ओलांडला. जालना, पैठण, नगर ही नावं मी मुद्दाम सांगतो आहे. जळगाव आणि धुळे त्या यादीत नाहीत, हे मलाही टोचतं. पण जालन्याचा मुलगा ज्या वाटेने तिथे पोचला, तीच वाट पाचोऱ्याच्या आणि दोंडाईच्याच्या मुलाला खुली आहे, एवढं तरी त्या यादीने दाखवून दिलं.

साखळीतल्या एकेका सामन्याचं वर्णन मी करत नाही. महाराष्ट्र आणि जम्मू-काश्मीर हे दोन संघ क गटातून पुढे गेले. जाधव मागच्या वर्षीच्या एका मोठ्या डावावर थांबला नाही, या वेळी तो एकामागून एक शतकं करत राहिला. मोसम संपला तेव्हा त्याच्या नावावर सहा शतकं आणि १,२२३ धावा होत्या, देशात सर्वाधिक. आणि या वेळी धावांच्या जोडीला बळी होते.

उपांत्यपूर्व फेरीत समोर आली मुंबई, आणि तीही वानखेडेवर. आदल्याच वर्षी मुंबईने चाळिसावं विजेतेपद मिळवलं होतं. दोनच महिन्यांपूर्वी याच मैदानावर सचिन तेंडुलकरने निरोप घेतला होता आणि सगळा देश रडला होता. त्या मैदानावर खालच्या गटातून आलेला संघ उतरणार होता. ८ जानेवारी २०१४ ला सामना सुरू झाला.

विजय झोल तिथे कसा पोचला, हेही सांगण्यासारखं आहे. ४ जानेवारीला तो शारजात होता. एकोणीस वर्षांखालील आशिया करंडकाच्या अंतिम सामन्यात त्याने आणि संजू सॅमसनने पाकिस्तानविरुद्ध शंभर-शंभर धावा केल्या आणि कर्णधार म्हणून त्याने तो करंडक उचलला. चार दिवसांनी तो वानखेडेवर मुंबईच्या गोलंदाजांसमोर होता. वय १९.

मुंबईने पहिल्या डावात ४०२ धावा केल्या. महाराष्ट्र २८० वर आटोपला. १२२ धावांची पिछाडी.

इथे बाद फेरीचा नियम लक्षात घ्यायला हवा. बाद फेरीत सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ पुढे जातो. म्हणजे मुंबईला आता जिंकायची गरजच नव्हती. नुसतं उभं राहायचं, वेळ काढायचा, सामना संपू द्यायचा. चाळीस वेळा करंडक जिंकलेल्या संघाला हे काम नवीन नव्हतं. तो संघ वर्षानुवर्षं असंच खडूसपणे खेळत आला होता, आणि त्या खडूसपणाचा त्यांना अभिमान होता. महाराष्ट्रापुढे एकच रस्ता होता: मुंबईला पुन्हा एकदा सर्वबाद करायचं, लवकर करायचं आणि मग जे लक्ष्य समोर येईल ते गाठायचं. आदल्या वर्षी ज्या संघाला वीस गडी बाद करता आले नव्हते म्हणून तो घसरला, त्याच संघाला आता मुंबईचे दहा गडी तिच्या घरात झटपट हवे होते.

मुंबई १२९ धावांत बाद झाली.

मी त्या दिवसांत धुळ्यात होतो. चौफुलीजवळ एका टपरीवर रोज सकाळी आणि संध्याकाळी चहा. टपरीवाले आप्पा मुंबईचे जुने भक्त. गल्ल्यामागे सचिनचं चित्र लावलेलं. मी मोबाइलवर धावसंख्या बघून सांगत होतो. मुंबई १२९, असं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, चुकीचं दाखवतं आहे, पुन्हा बघ. मी पुन्हा बघितलं आणि म्हणालो, आप्पा, बरोबर आहे, आणि समोर आपला संघ आहे. त्यांनी गाळणीतला चहा ओतता ओतता मान वर केली.

“आपला? तो आपला शे का?”

तो प्रश्न मी विसरलो नाही. मुंबई, विदर्भ, महाराष्ट्र असे एकाच राज्याचे तीन संघ असतात आणि धुळे-जळगाव महाराष्ट्रात येतं, हे मी त्यांना समजावलं. त्यांना पटलं की नाही कोण जाणे. चहा पिणाऱ्यांपैकी निम्म्यांना तरी ते पहिल्यांदाच कळत होतं.

लक्ष्य होतं २५२. चौथा डाव, वानखेडेची खेळपट्टी, समोर मुंबई. पहिल्या डावात जेवढ्या धावा झाल्या त्याहून थोड्या कमी, पण चौथ्या डावातल्या धावांचा भाव वेगळा असतो. खेळपट्टी तुटलेली असते, पाय थकलेले असतात आणि डोक्यात हिशोब चालू असतो. दोन गडी बाद झाले, आणि मग जाधव व झोल एकत्र आले. एक माढ्याकडचा, एक जालन्याचा. एकाचं वय २८, निवड समितीने आपल्याकडे कधी बघावं याची वाट बघत असलेला. दुसऱ्याचं १९, ज्याच्याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले. त्यानंतर महाराष्ट्राचा गडी पडलाच नाही. २ बाद २५२. जाधव नाबाद १२०, झोल नाबाद ९१. महाराष्ट्र आठ गडी राखून जिंकला.

झोलचं शतक नऊ धावांनी राहिलं याची मला हळहळ वाटली, आणि लगेच त्या हळहळीची लाजही वाटली. सामना जिंकलेला असताना शतक मोजायची ही सवय नको, हे आपल्याला मुंबईच्याच क्रिकेटने शिकवायला हवं होतं. ती शिकवण त्या दिवशी महाराष्ट्राच्या दोन पोरांनी दिली.

उपांत्य सामना इंदूरला होता, होळकर स्टेडियमवर, बंगालविरुद्ध. आता खान्देशच्या माणसाला इंदूर हे परकं गाव नाही. धुळ्याहून शिरपूर, पळासनेर, बिजासनीचा घाट, सेंधवा असं करत सरळ रस्ता जातो. आमच्याकडची लग्नं, सराफी, कपड्यांची खरेदी, दवाखाने, सगळ्यांत इंदूर असतं. अनेकांना पुण्यापेक्षा इंदूर जवळचं. आणि क्रिकेटच्या इतिहासात तर हे मैदान ज्यांच्या नावाचं आहे त्या होळकरांनीच एके काळी महाराष्ट्राचे सरवटे आणि निंबाळकर आपल्याकडे नेले होते. सी. के. नायडूंच्या त्या संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात तर इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला आणि मुंबईविरुद्ध त्याने नाबाद २४९ धावा केल्या, तरी सामना मुंबईनेच जिंकला. ज्या गावाने महाराष्ट्राचं बळ ओढून घेतलं, त्याच गावात सत्तर वर्षांनी महाराष्ट्र आपलं बळ दाखवायला आला, अशी ती जुळणी होती.

बंगालचा पहिला डाव ११४ धावांत संपला. समद फल्लाह आणि त्याच्या जोडीदारांनी तो सामना जवळजवळ पहिल्याच दिवशी ठरवून टाकला. मग महाराष्ट्राने ४५५ धावा केल्या, त्यात संग्राम अतितकरच्या १६८. जाधव-झोल यांच्यावर सगळा भार होता असं ज्यांना वाटत होतं, त्यांना हे उत्तर होतं. बंगालने दुसऱ्या डावात नेट धरला, वृद्धिमान साहाने झुंजार शतक केलं, ३४८ पर्यंत मजल मारली, पण महाराष्ट्रापुढे लक्ष्य उरलं फक्त आठ धावांचं. दहा गडी राखून विजय. आता अंतिम फेरी, २१ वर्षांनी.

ज्या संघाने आदल्या वर्षी एका फलंदाजाचं त्रिशतक असूनही खालचा गट गाठला होता, त्याच संघाने मुंबई आणि बंगाल या दोन जुन्या सत्तांना लागोपाठ निर्णायकपणे हरवलं होतं, पहिल्या डावाच्या आघाडीवर सुटका करून घेऊन नव्हे. हा फरक मला सर्वांत मोठा वाटतो. रणजी क्रिकेटमध्ये पहिल्या डावाची आघाडी घेऊन पुढे सरकत राहणं सोपं असतं, आणि अनेक संघ तेच करतात. महाराष्ट्राला वानखेडेवर तो मार्ग बंद होता म्हणून तो जिंकायला शिकला, आणि इंदूरला शिकलेलं विसरला नाही.

अंतिम सामना हैदराबादला उप्पलच्या मैदानावर २९ जानेवारीला सुरू झाला. समोर कर्नाटक, विनयकुमारचा संघ. इथे गोष्ट लवकर संपते. महाराष्ट्राच्या पहिल्या डावात ३०५ धावा, त्यात बावणेच्या ८९. कर्नाटकाने ५१५ केल्या. तेव्हा फारसा कोणाला माहीत नसलेला लोकेश राहुल १३१ आणि गणेश सतीश ११७. दोनशे दहा धावांची पिछाडी, म्हणजे पुन्हा वानखेडेसारखीच स्थिती, अधिक वाईट. जाधवने दुसऱ्या डावात ११२ धावा केल्या, मोसमातलं शेवटचं शतक. संघाने ३६६ पर्यंत मजल मारली. कर्नाटकाला १५७ हव्या होत्या, त्या त्यांनी तीन गडी गमावून केल्या. २ फेब्रुवारीला करंडक कर्नाटकाकडे गेला. त्यांचं सातवं विजेतेपद, पंधरा वर्षांनी मिळालेलं. तेही त्याचे हक्कदार होते. पुढच्या वर्षीही त्यांनीच तो जिंकला.

महाराष्ट्र आणि जम्मू-काश्मीर दोघे वरच्या गटांत गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जम्मू-काश्मीरने वानखेडेवर मुंबईला हरवलं, तेव्हा सगळ्यांना आश्चर्य वाटलं. क गटाच्या त्या दारातून बाहेर पडलेल्या दोन्ही संघांनी वर्षभराच्या आत मुंबईला तिच्या घरात हरवलं होतं, हे फार थोड्यांच्या लक्षात आलं. महाराष्ट्र त्या पुढच्या मोसमात उपांत्य फेरीपर्यंत गेला. जाधवला नोव्हेंबर २०१४ मध्ये रांचीत श्रीलंकेविरुद्ध भारताची टोपी मिळाली. आणि जानेवारी २०१७ मध्ये, गहुंज्याच्याच मैदानावर, इंग्लंडने ठेवलेल्या ३५१ धावांच्या लक्ष्याचा पाठलाग करताना विराट कोहलीच्या साथीने त्याने ७६ चेंडूंत १२० धावा केल्या. वानखेडेवर जेवढ्या केल्या होत्या तेवढ्याच. त्या दिवशी देशाने त्याला पाहिलं. आम्ही तीन वर्षं आधी पाहिलं होतं, मोबाइलच्या छोट्या पडद्यावर, नुसत्या आकड्यांत.

झोलच्या नशिबात मात्र तेवढं आलं नाही. एकोणीस वर्षांखालील विश्वकरंडकात त्याने भारताचं नेतृत्व केलं, पण मोठ्या संघाचं दार त्याला उघडलं नाही. बावणे त्यानंतरही वर्षानुवर्षं महाराष्ट्रासाठी धावा करत राहिला. वानखेडेवरचे ते नाबाद ९१ मला झोलच्या नावापुढे सोन्याच्या अक्षरांत लिहिल्यासारखे वाटतात, कोणी मानो न मानो.

अंतिम सामना हरल्याची बातमी मी आप्पांना सांगितली ती रविवारची संध्याकाळ होती. थंडी अजून गेली नव्हती. कोणीतरी शेतातल्या भरीत-पार्टीहून परत येत होतं, डब्यात उरलेलं भरीत आणि कळण्याची भाकरी घेऊन. त्यांनी ते आप्पांच्या हातात दिलं. आप्पांनी एक घास खाल्ला, सचिनच्या चित्राकडे पाहिलं, आणि मला विचारलं,

“आते आपली पुढली मॅच कव्हय शे?”

मी त्यांना सांगितलं, की मोसम संपला. आता पुढच्या हिवाळ्यात. आणि या वेळी आपण वरच्या गटात.